दुकानात राहिलेला चेहरा

रुख्मिणीवहिनीला आमच्या वाशीमकडच्या मालेगावात कोणी मवाळ म्हटलेलं मी ऐकलं नाही. कोणी म्हटलं असतं तर मीच त्याला धरून विचारलं असतं, की बापा, तू कधी तिच्या तावडीत सापडला होतास का? मी जानराव पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा माझा धंदा. वहिनीचा नवरा देवमन माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तिने थोडं सबुरीने घ्यायला हवं होतं असं आजही काही लोक म्हणतात. त्यांचा बाप त्यांनी फोटोत पोटभर पाहिलेला असतो, म्हणून त्यांना सबुरी सुचते.

देवमन अकोल्याच्या एका स्टुडिओत झाडू मारता मारता फोटो काढायला आणि धुवायला शिकला. मग गावी येऊन त्याने बस स्टँडजवळ एक खोली भाड्याने घेतली. पाटी मी रंगवली, निळ्यावर पांढरी अक्षरं. पाटी झाली, पडदा झाला, खुर्ची झाली, फक्त कॅमेरा नव्हता. लग्नसराईत तो अकोल्याच्या उस्तादाचा कॅमेरा भाड्याने आणायचा. लोक चिडवायचे, ‘देवमन, तुही पाटी फोटो काढते काय रे?’ तो बिचारा हसायचा. वहिनी हसायची नाही.

कॅमेरा गावात एकच होता, तोही विकायचा. मदनसिंग ठाकूरच्या घड्याळ-रेडिओच्या दुकानात, काचेच्या शोकेसमध्ये. दुकानाचं तोंड मावळतीला, त्यामुळे दुपारनंतरचं सगळं ऊन त्या कॅमेऱ्यावर. आम्ही पोरं असल्यापासून तो तिथेच बसलेला होता. १९७३ च्या दसऱ्याला देवमनने कॅमेरा घ्यायचं ठरवलं. पैसे कसे उभे केले ते सांगत बसत नाही. इंझोरीहून वहिनीचे वडील पुंजाजी आले आणि त्यांनी आपल्या शेळ्या विकल्या, एवढं पुरे.

मीही सोबत गेलो होतो. पुंजाजी दुकानात आले नाहीत, पायरीवरच बसले. सत्तरीचा माणूस. धर्म बदलून किती वर्षं झाली होती, पण असल्या दुकानाच्या आत जायची पायाला सवय नव्हती. मदनसिंग म्हणाला, ‘शोकेसमधला नाही देत, आतून नवी पेटी आनतो.’ आत गेला आणि बऱ्याच वेळाने पेटी घेऊन आला. ग्यारंटीच्या कार्डावर शिक्का मारला, सहा महिन्यांची ग्यारंटी. आम्ही बाहेर निघताना पायरीवर वाट नव्हती, तेव्हा मदनसिंग पुंजाजीच्या डोक्यावरून बघत म्हणाला, ‘जरा सरक ना बापा.’ पुंजाजी सरकले. दोघांमधलं आयुष्यभराचं बोलणं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी शोकेसमध्ये कॅमेऱ्याच्या जागी गजराचं घड्याळ बसलं होतं. सगळं गाव ते बघत पुढे गेलं.

आता आमच्या लोकांची रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. घरात एखादी मोठी वस्तू आली की तिचा शुभारंभ आम्ही चौदा एप्रिलला करतो. मुहूर्त आम्ही सोडला, पण बाबासाहेबांच्या जयंतीइतका मोठा दिवस आमच्याकडे दुसरा नाही. वहिनीने पेटी पांढऱ्या धडप्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पुंजाजी बजावून गेले, ‘पयला फोटो जयंतीच्या मिरवनुकीचा. दुसरा माहा.’ त्यांचा फोटो तोवर कधीच निघाला नव्हता. कधी कोणी काढलाच नव्हता.

देवमन अख्खा हिवाळा भाड्याच्या कॅमेऱ्याने लग्नं करत राहिला आणि स्वतःचा कॅमेरा ट्रंकेत कोरा ठेवला. शहरातला माणूस याला मूर्खपणा म्हणेल. म्हणू दे.

जयंतीला ऊन असं होतं की चपलेतून तळवा भाजत होता. पुंजाजी आदल्या दिवशीच आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपीला नीळ दिलेली. मिरवणुकीचे फोटो झाले आणि निळ्या झेंड्याखाली पुंजाजी उभे राहिले. वरचा एक दात पडलेला, म्हणून ओठ आवळून धरलेला. देवमनने त्यांचा चेहरा बरोबर मधोमध घेतला. फोटोवाला ज्याला मान देतो त्याला मध्ये घेतो.

फिल्म धुतली आणि देवमन खोलीतून बाहेरच येईना. मी आत गेलो. प्रत्येक फोटोच्या मधोमध एक पांढरा गोळा होता. मिरवणुकीच्या फोटोत तो कुठे रस्त्यावर, कुठे बैलाच्या पाठीवर पडला होता, ते चालून गेलं असतं. पुंजाजीच्या फोटोत धोतर स्पष्ट, सदऱ्याच्या गुंड्या स्पष्ट, मागचा झेंडाही स्पष्ट होता. टोपीखाली मात्र नुसता पांढरा गोळा होता.

त्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक बारीक लाल काच असायची. आत फिल्मचा कितवा नंबर आला ते तिच्यातून बघायचं. लाल काचेतून फिल्मला अपाय होत नाही. देवमनने कॅमेरा माझ्यापुढे धरला. काच लाल कुठे होती? पान खाऊन चूळ भरल्यावर पाण्याला जेवढा रंग राहतो तेवढाच तिला उरला होता. शोकेसमधलं वर्षानुवर्षांचं ऊन तिने पिऊन टाकलं होतं. म्हणजे आतून आणलेल्या नव्या पेटीत शोकेसमधलाच कॅमेरा होता, पुसून-पासून दिलेला.

आम्ही तिघं दुकानात गेलो. मदनसिंगने कार्ड हातात घेतलं, तारीख पाहिली आणि परत केलं.

‘ग्यारंटी सहा महिन्याची होती. सरली.’

‘सेठ, पेटीच उघडली नव्हती,’ देवमन म्हणाला. ‘जयंतीले पयल्यांदा उघडली.’

‘मंग त चूक तुहीच. वस्तू घेतली त पाहून नाही घ्याची काय? ग्यारंटी कायले देतात?’

‘काच उन्हानं उडाली हाय. आमी त ट्रंकेत ठेवला होता.’

‘ट्रंक उन्हात ठेवली असन,’ मदनसिंग म्हणाला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघून हसला.

वहिनीने फोटो काउंटरवर ठेवला. ‘हे माहे बाबा हायेत. तुमच्या पायरीवर बसले होते. याईचा चेहरा मले परत पायजे.’

लोक बघायला लागले तसा मदनसिंगने सूर बदलला. ‘ठेवून जा कॅमेरा. कंपनीले पाठवतो.’ कॅमेरा काउंटरखाली गेला आणि तिथेच राहिला. त्यानंतर आज ये, उद्या ये. कंपनीचं उत्तर यायचंय, पोस्टाचा संप आहे, मुंबईचा माणूस सुट्टीवर आहे. मी वाशीमला एका वकिलाला विचारलं. त्याने कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, मुदत संपली, केस उभी राहणार नाही. ग्राहकांचं वेगळं न्यायालय वगैरे तेव्हा कोणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा.

देवमन म्हणाला, ‘मामाजीचा फोटो भाड्याच्या कॅमेऱ्यानं काढून घेऊ.’ पण म्हातारा महा हट्टी. ‘लोकाईच्या कॅमेऱ्यानं कायले? माह्या शेळ्याईचा कॅमेरा येऊ दे. मी कुठी चाल्लो?’ इंझोरीहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ते विचारून पाठवायचे, कॅमेरा दुरुस्त झाला काय. श्रावणात त्यांना ताप भरला आणि ते गेले.

मयताच्या वेळी देवमनने कोणाचा तरी कॅमेरा आणला होता. वहिनीने त्याला आत येऊ दिलं नाही. ‘मिटलेल्या डोयाचा फोटो नाही काढायचा,’ ती म्हणाली. ‘मले तो चेहरा पाठ नाही करायचा.’ एवढं बोलून ती रडली. त्यानंतर मी तिला लोकांत रडताना पाहिलं नाही. तिच्या पोटात आग पेटली होती. ती कोणी विझवू नये असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. गेलेल्याचा फोटो मांडतात, हार घालतात, मेणबत्त्या लावतात, वंदना म्हणतात, आणि आलेले लोक त्याच्याविषयी दोन शब्द बोलतात. इंझोरीला भावांनी तो केला. वहिनी परत आली आणि तिने वस्तीत सांगितलं, ‘मी माह्या बाबाचा कार्यक्रम इथी बी करनार हाय. बाजाराच्या दिवशी. मदनसिंगच्या पायरीवर.’

वस्तीतले वंदना घेणारे काका घाबरले. ‘राग सोड बाई. आपल्या धम्मात राग धरनं बसत नाही.’

‘राग नाही काका. मी बाबाले शोधून राह्यली. ते तिथंच सुटले हायेत.’

काका आले. अख्खी वस्ती आली.

बाजाराचा दिवस म्हणजे सगळ्या खेड्यांची माणसं रस्त्यावर. मदनसिंग फळ्या काढत होता, तेवढ्यात वहिनीने पायरीवर पांढरं कापड अंथरलं. त्यावर फ्रेम केलेला फोटो ठेवला. धोतर, सदरा, टोपी आणि मध्ये पांढरा गोळा. झेंडूचा हार घातला, मेणबत्ती लावली. बाया पांढऱ्या लुगड्यांत रस्त्यातच बसल्या आणि काकांनी वंदना सुरू केली.

‘हे काय नाटक लावलं?’ मदनसिंग ओरडला.

‘नाटक नाही, कार्यक्रम हाय,’ वहिनी म्हणाली. ‘तुमी बी बसा. जरा सरकून.’

त्याने ठाण्यातून जमादाराला बोलावलं. जमादार आला, मेणबत्त्या पाहिल्या, हात जोडून बसलेले लोक पाहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि घटकाभर उभा राहून निघून गेला. मदनसिंगचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मनसोक्त बघून घेतलं.

बाजारातला प्रत्येक माणूस वाकून फोटो बघायचा आणि विचारायचा, ‘काहून वो बाई, चेहरा कुठी हाय?’

वहिनी मान वर न करता सांगायची, ‘आत. दुकानात राह्यला. सेठले इचारा.’

आणि लोक विचारायला लागले. टॉर्चचे सेल घ्यायला आलेला विचारायचा, घड्याळाला चावी बसवायला आलेला विचारायचा. एका म्हातारीने तर काउंटरपाशी जाऊन खरंच आत डोकावून पाहिलं. दुपारपर्यंत मदनसिंगची बोहणी झाली नाही.

शेवटी दुकानामागच्या घरातून त्याची आई कस्तुराबाई बाहेर आली. देवभोळी बाई. दुकानाच्या तोंडावर मयताचा दिवा बघून तिने देवाचं नाव घेतलं. ‘मदन, उंबरठ्यावर हे काय होऊन राह्यलं? तिले काय पायजे ते दे अन् मोकया हो!’

मदनसिंगने काउंटरखालून तोच कॅमेरा काढला. त्यावर धूळ बसली होती. कंपनीचं, पोस्टाचं आणि मुंबईच्या माणसाचं सगळं सोंग त्या धुळीत सर्वांना दिसलं. ‘दुसरा मागवून देतो,’ तो म्हणाला. ‘नवा. सगळ्याईसमोर सांगतो. आता उठा.’

देवमन उठला. त्याच्या जिवात जीव आला. ‘चाल, झालं,’ तो वहिनीला म्हणाला.

‘तुमचं झालं,’ ती म्हणाली. ‘कॅमेरा तुमचा होता, तुमी घ्या. माह्यं येगळं हाय.’

मग ती फोटो उचलून पायऱ्या चढली. तिच्या घराण्यातलं काउंटरपलीकडे, पार गादीपर्यंत गेलेलं पहिलं माणूस म्हणजे ती. गादीच्या मागे भिंतीवर मदनसिंगच्या वडिलांची, थोरल्या ठाकुरांची, तसबीर होती. भरदार मिशा, फेटा आणि रोजचा ताजा हार. वहिनीने तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

‘इथं माह्ये बाबा लावा. तुमच्या बाबाले जो हार, तोच याईले. अन् कोनी इचारलं का हे कोन, त सांगा लागल.’

ठाकुराच्या भिंतीवर, ठाकुराच्या बापाशेजारी, इंझोरीच्या एका मजुराचा फोटो! मदनसिंगचे कान लाल झाले. ‘हे होनार नाही,’ तो म्हणाला.

‘मंग मी रोज येतो,’ वहिनी म्हणाली. ‘मेनबत्ती स्वस्त हाय.’

कस्तुराबाईने बाहेर पाहिलं. बाया हलायला तयार नव्हत्या. ‘लाव,’ ती पोराला म्हणाली. ‘मी म्हन्तो लाव.’ हातोडी माझ्या थैलीत होती. मी ती काढून दिली आणि फार आनंदाने दिली. खिळा मदनसिंगने स्वतः ठोकला.

महिन्याभरात देवमनला नवा कॅमेरा मिळाला आणि त्याचा धंदा लागला. दुसऱ्या कोणाची गोष्ट इथे संपली असती. वहिनी दर बाजाराला दुकानात जायची आणि हार ताजा आहे का ते बघायची. एकदा ती पायरीशी होती आणि आत अनसिंग गावचं एक गिऱ्हाईक विचारत होतं, हा फोटो कोणाचा. मदनसिंग म्हणाला, ‘असाच एक म्हातारा होता.’

वहिनी आत गेली. ‘म्हाताऱ्याले नाव नोयतं काय?’

‘पुंजाजी,’ मदनसिंग पुटपुटला.

‘अन् दिसाले कसे होते?’

‘मले काय ठाऊक? मी कुठी पाह्यलं होतं त्याच्याकडे?’

‘मले मालूम हाय नाही पाह्यलं,’ ती म्हणाली. ‘सरक म्हन्लं तवाबी नाही पाह्यलं. म्हनून त आता पाठ करा लागल. ऐका. रंग सावया. कपाय मोठं. डावी भोवई मधात तुटेल, लहानपनी बैलाचं शिंग लागलं होतं. नाक बसकं. वरचा एक दात नाही, म्हनून हासताना ओठ आवयत. कोनाचं बोलनं ऐकताना एक डोया बारीक करत. म्हना.’

त्याने म्हटलं नाही. पण बाहेर पायरीवर जाऊन तिने हळूच थैलीतून मेणबत्ती काढली तेव्हा म्हटलं.

त्या दिवसापासून दर बाजाराला हीच शाळा भरायची. गिऱ्हाईक विचारायचं, मदनसिंग सांगायचा, वहिनी रेडिओच्या खोक्याला टेकून ऐकायची. चुकलं की तिथल्या तिथे टोकायची, ‘उजवी नाही, डावी.’ लोक मुद्दाम विचारायला लागले. आमच्याकडे मजा फुकट मिळाली तर कोण सोडतो? त्या पांढऱ्या गोळ्यामुळे नवा कॅमेरा, रेडिओ, जे काही मदनसिंग विकेल ते गिऱ्हाईक त्याच्यासमोरच उघडून, उन्हात धरून, मागून-पुढून बघून घ्यायचं. ग्यारंटीचं कार्ड कोणी विचारतच नसे.

एकदा मदनसिंग गुपचूप माझ्याकडे आला. म्हणाला, ‘जानराव, तू पेंटर हायेस. तो चेहरा रंगवून दे ना. सांगशीन ते देतो.’ मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, ‘भाऊजी, तुमी काढान तो तुमचा चेहरा होईन. बाबाचा नाही.’ मला वाईट वाटलं, पण ती खरं बोलत होती.

अशी तीन-चार वर्षं गेली. आणीबाणी आली आणि गेली, देवमनच्या स्टुडिओला दुसरा पडदा आला. मदनसिंगचं पाठांतर असं पक्कं झालं की वहिनीला टोकायची वेळ येईना. कोणी विचारलं की तो हातातलं घड्याळ खाली ठेवायचा, वर बघायचा आणि सांगायचा. बैलाचं शिंग सांगायचा, दात सांगायचा. एक डोळा बारीक करूनही दाखवायचा. एकदा तो असा डोळा बारीक करत होता आणि वहिनी डोळे मिटून ऐकत उभी होती. ऐकून झाल्यावर ती निघून गेली. त्या दिवशी हाराकडे बघायचंही तिला भान नव्हतं.

मला वाटलं, निवली. मदनसिंगलाही तसंच वाटलं असणार.

पुढच्या बाजाराला मी त्याच्या दुकानाची पाटी पुन्हा रंगवत होतो, शिडीवर. वहिनी आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मदनसिंगच्या केसांत तोवर पांढरं आलं होतं. तो गादीवरून उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ताई म्हणाला.

‘ताई, तुमच्या बाबाले मी आता माह्या बाबापेक्षा जास्त ओयखतो. डोये मिटले तरी दिसतात. चुकलं होतं माह्यं. शोकेसमधलाच देल्ला होता. आता त झालं ना?’

चुकलं हा शब्द त्याच्या तोंडून निघायला इतकी वर्षं लागली होती. मी शिडीवर हात थांबवला. वहिनीने फोटोकडे पाहिलं. हार नीट होता, तरी तिने तो एका बाजूने वर ओढला. मग तिने शेजारची तसबीर पाहिली.

‘तुमच्या बाबाचा चेहरा दिसते ना अजून?’ ती म्हणाली. ‘मंग नाही झालं.’

आणि ती पायऱ्या उतरून बाजारात गेली. मदनसिंगने वर पाहिलं. मीही वाकून पाहिलं. थोरल्या ठाकुरांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.